सिझरची तारीख अलीकडे घ्यावी का?

पहिले बाळंतपण सिझरचे असले की दुसऱ्या वेळी तारीख बहुधा आधीच ठरते. मग घरात बोलणे निघते: डॉक्टर ३९ आठवडे म्हणतात, पण ३७ ला दिवस भरलेच ना? कुणी म्हणते, १४ एप्रिललाच करा. आपण मुहूर्त सोडला, मग बाळावर दुसरी तारीख कशाला लादायची?

पोटात बाळाच्या फुप्फुसांत पाणी असते. कळा सुरू झाल्या की ते शोषले जाऊ लागते. कळांआधी, ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वी सिझर केले तर काही बाळांना धाप लागते. बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत सावरतात, पण तोवर बाळ काचेच्या पेटीत आणि आई वॉर्डात. नीट दूध न ओढणे, साखर उतरणे, कावीळ हेही अशा बाळांत जास्त दिसते.

मात्र आईचा रक्तदाब चढला, वार खाली असली, बाळाची वाढ खुंटली, तर थांबणेच धोक्याचे ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: अलीकडे का? आठवडे कशावरून मोजले? पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची; शेवटच्या महिन्यातलीवरून दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. तो जुना कागद जपून ठेवा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझर आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत.

तारखेआधी कळा आल्या, पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर रात्र असली तरी लगेच निघा.