मज्जातंतूंच्या वेदना आणि सीबीडी तेल

मधुमेहामुळे तळपायांची आग होणारे रुग्ण अलीकडे मला सीबीडी तेलाविषयी विचारतात. ‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?’ हा त्यांचा युक्तिवाद. (अफूही नैसर्गिकच!) सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातील, नशा न आणणारे द्रव्य. २०१८ साली अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली ती अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी, वेदनाशमनासाठी नव्हे. मज्जातंतुवेदनेतील त्याच्या उपयोगाचा पुरावा अद्याप तोकडा आहे. शिवाय यकृतातील काही विकरांना ते अटकाव करते. वॉरफरिन घेणाऱ्यास त्यामुळे रक्तस्राव संभवतो. म्हणून तेलाची बाटली आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या मी प्रथम पाहतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व उणावले, तरीही पायांची आग होते. त्याची तपासणी अनेकदा राहूनच गेलेली असते.