वाचकांचे प्रश्न : आईच्या वतीने संमती कोणाची?

प्रश्न : माझी आई, वय ७९, निवृत्त शिक्षिका, चार वर्षांपासून स्मृतिभ्रंशाने आजारी असून माझ्याकडे साताऱ्यास असते. मागील महिन्यात न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर मी सही करू लागलो तेव्हा पुण्याच्या धाकट्या भावाने हरकत घेतली. आईने २०१६ साली त्याच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिले आहे, म्हणून अधिकार आपला, असे त्याचे म्हणणे. अखेर दोघांच्या सह्या घेऊन शस्त्रक्रिया झाली. आता डॉक्टर सांगतात की आईचे गिळणे कमी होत जाईल आणि नाकातून नळी घालण्याचा प्रश्न येईल. आई तर चेहऱ्याजवळ कोणाचा हात आला की ‘नको, नको’ म्हणते. निर्णय कोणी घ्यावयाचा, आणि तिच्या ‘नको’ला कायद्यात काही किंमत आहे काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या बंधूंचा समज चुकीचा आहे, पण तो इतक्या घरांत आढळतो की त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. मुखत्यार हा लिहून देणाराचा प्रतिनिधी असतो आणि लिहून देणाराची बुद्धी व्यवहारक्षम राहिली नाही की ते प्रतिनिधित्व संपुष्टात येते, असे १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ज्या दिवसासाठी म्हणून आपण हा दस्तऐवज जपून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. मालकाची क्षमता गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र इंग्लंडात करता येते, आपल्याकडे तशी तरतूद नाही. त्या पत्राच्या आधारे मातोश्रींच्या मिळकतीचे व्यवहारही यापुढे करू नयेत.

परंतु आपण थोरले आहात किंवा आई आपल्याकडे राहते, एवढ्यावरून आपलाही अधिकार सिद्ध होत नाही. सज्ञान व क्षम व्यक्तीच्या वतीने आप्ताने दिलेली संमती ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सांगितले. तेथे भूल दिलेल्या मुलीच्या वतीने प्रत्यक्ष आईने दिलेली संमतीही मान्य झाली नाही. रुग्ण क्षम नसेल तेव्हा शारीरिक आजाराच्या उपचारासाठी अमुक आप्ताने संमती द्यावी असा अनुक्रम ठरविणारा कायदा आपल्या देशात नाही. रुग्णालये जवळच्या आप्ताची सही घेतात ती वहिवाटीने, आणि जीव वाचविण्याची निकड असता रुग्णाच्या हितासाठी सद्भावनेने उपचार करणाऱ्या डॉक्टरास भारतीय न्याय संहितेचे कलम ३० संरक्षण देते. तेव्हा दोघांच्या सह्या घेण्यात त्या रुग्णालयाने शहाणपणच केले.

आता आपल्या प्रश्नाचा जो गाभा मला वाटतो, त्या ‘नको’कडे वळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात स्मृती व स्थलकालभान यांच्या गंभीर विकारांचा समावेश असल्याने स्मृतिभ्रंश त्या कक्षेत येतो, असे माझे मत आहे. खुब्याचे हाड किंवा अन्नाची नळी या गोष्टी त्या अधिनियमाच्या अक्षरात बसत नाहीत हे खरे. तरीही रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्याने कसे वागावे याचे इतके विचारपूर्वक केलेले विवेचन आपल्या दुसऱ्या कोणत्याही कायद्यात मला आढळलेले नाही. निर्णय इतरांस चुकीचा वाटतो एवढ्यावरून रुग्णाची क्षमता नाकारू नये, असे त्याचे कलम ४ सांगते; आणि प्रतिनिधीने रुग्णाच्या आजच्या व पूर्वीच्या इच्छा, त्याचा जीवनक्रम, त्याची मूल्ये व संस्कार लक्षात घ्यावेत, व त्याला जेवढे समजते तेवढ्या मर्यादेत त्याच्या मताला विशेष वजन द्यावे, असे कलम १७ सांगते. म्हणून ‘आम्हाला काय योग्य वाटते’ हा प्रश्न आपण दोघा बंधूंनी बाजूस ठेवावा आणि आईने काय ठरविले असते, याचा शोध घ्यावा. वडिलांच्या किंवा एखाद्या आप्ताच्या अखेरच्या आजारात ती काय बोलली होती, कोणत्या गोष्टीचा तिला तिटकारा होता, हे तिच्या भावंडांस व जुन्या सहकारी शिक्षिकांस विचारावे आणि ते तारखेनिशी लिहून काढून दोघांनी त्यावर सह्या कराव्यात. तिचा नकार उपचारालाच आहे की अनोळखी हाताच्या भीतीचा, हे ती शांत असेल अशा वेळी, ओळखीच्या माणसाने, साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारून पाहिल्याखेरीज कळणार नाही; डॉक्टरांनी ते पाहून टिपणात नोंदवावे, असा आग्रह धरा.

नळीसंबंधी एक गोष्ट डॉक्टरांस अवश्य विचारा. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते असा पुरावा नसल्यामुळे वृद्धरोगतज्ज्ञ हाताने, सावकाश, घोटाघोटाने भरविण्यासच पसंती देतात. आजार असाध्य व अंतिम अवस्थेत पोहोचल्यावर जीवनरक्षक उपचार न देण्याचा किंवा थांबविण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मोकळा केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सुलभ केली. रुग्णाने काही लिहून ठेवले नसले तरी नातलगांची संमती आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांचा अभिप्राय यांच्या आधारे तसे करता येते.

बंधूंशी एकमत झालेच नाही, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्याचा अर्ज करावा लागेल. सातारकरांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे खंडपीठ जवळ आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील पालकत्व या आजारास लागू नसल्याने जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घालू नयेत.

ज्या वाचकांच्या घरी या आजाराचे निदान नुकतेच झाले आहे त्यांस माझी कळकळीची विनंती आहे. निदान झाले म्हणजे क्षमता गेली असे नव्हे; आरंभीच्या काळात रुग्ण आपले मत नीट सांगू शकतो, तेव्हाच त्याच्याकडून वैद्यकीय इच्छापत्र करवून घ्यावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते; एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे द्यावी. मानसिक उपचारांपुरता प्रतिनिधी तर साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने नेमता येतो. आणि त्याच दिवशी, रुग्णास हे सर्व समजते आहे असा डॉक्टरांचा दाखला घेऊन तो सोबत जोडावा.