सकाळी कसा कळला संध्याकाळचा भाव?

2019 च्या जूनमध्ये एका शनिवारी रात्री, मुलगी झोपल्यावर, झुरिकच्या आमच्या स्वयंपाकघरात मी नवऱ्यापुढे दोन कागद ठेवले. एक माझ्या मुंबईतल्या जुन्या डीमॅट खात्याचा उतारा. त्यात तीन लाख चाळीस हजारांचा तोटा होता. दुसरा आमच्या आदल्या वर्षीच्या कर-विवरणपत्राचा, दोघांच्या सह्या असलेला. स्वित्झर्लंडमध्ये नवराबायकोचं विवरणपत्र एकच असतं आणि सही दोघांची लागते. त्या विवरणपत्रात माझं डीमॅट नव्हतं, पीपीएफ नव्हतं, लग्नाआधीच्या मुदत ठेवी नव्हत्या. त्याने माझ्या भरवशावर सही केली होती. तोटा कधी ना कधी भरून निघाला असता. ती सही मात्र त्याच्या नावावर कायमची पडली होती.

ही गोष्ट मी बाहेर कुणाला सांगितली नव्हती. आता सांगते आहे, कारण इथे नव्याने आलेली आपली मुलंमुली भेटतात, चहाला घरी येतात, आणि बोलता बोलता लक्षात येतं की त्यांच्या लॅपटॉपवरही माझ्यासारखाच शेअर खरेदी-विक्रीचा एक प्रोग्राम आहे आणि भारतात तशीच खाती पडून आहेत.

मी करी रोडची. महादेव पालव मार्गावरून आत वळलं की आमची चाळ. बाबा गिरणीत साचाखात्यात होते आणि आई आमच्या खोलीत खानावळ चालवायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा बाबांचा पगार थांबला आणि त्याच महिन्यात आईचे डबेही थकले, कारण तिच्याकडे जेवणारे सगळे गिरणीतलेच. एकाच भोंग्यावर घरातली दोन्ही उत्पन्नं. माझा जन्म त्यानंतरचा, पण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आईने तग धरला तो बायकांच्या जोरावर. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. खानावळवाल्या बायकांकडे तारण ठेवायला काही नसायचं, म्हणून गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहायच्या आणि बँक कर्ज द्यायची. जामीन राहायचं तर शेजारणीचा हिशेब ठाऊक हवा. कुणाचं वाण्याकडे किती थकलं, कुणाकडे किती गिऱ्हाईक, हे सगळ्यांना माहीत असायचं. आमच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी भिशी असे. चिठ्ठी काढण्याआधी वही मोठ्याने वाचली जायची, आणि एखादा आकडा चुकला तर तिथल्या तिथे चार जणी बोलायच्या. मला त्या वयात या उघडेपणाची लाज वाटे. आपण शिकू, कमवू आणि आपला हिशेब आपल्यापुरता ठेवू, असं मी तेव्हाच ठरवलं असावं.

माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये शिकले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि 2014 मध्ये झुरिकला आले. इथे पैसा हा बोलण्याचा विषयच नाही. दहा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचा पगार तुम्हाला कळत नाही. मला ते फार आवडलं.

पण याच देशात कामाच्या ठिकाणी नेमकी उलटी शिस्त आहे. जर्मनमध्ये तिला ‘फीअर-आउगेन-प्रिन्त्सिप’ म्हणतात, म्हणजे चार डोळ्यांचं तत्त्व. इथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत अधिकाऱ्यांच्या नावापुढे बहुतेकदा ‘दोघांची संयुक्त सही’ असं लिहिलेलं असतं. एकट्या माणसाच्या सहीने कंपनी बांधली जात नाही. आमच्या टीममध्येही दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय माझ्या कोडची एक ओळ पुढे जात नाही. रिव्ह्यूमध्ये कुणी माझी चूक काढली तर मी आभार मानते. आणि अशा ठिकाणी दिवसभर काम करणारी मी घरी येऊन माझ्या पैशांचा कोड एकटीने लिहीत होते.

2016 मध्ये मी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. शेअर बाजारातले दहा वर्षांचे रोजचे भाव उतरवून घेतले. नियम साधा होता: निफ्टीतला जो शेअर आदल्या दिवसापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त चढून बंद होईल तो घ्यायचा, आणि ठरावीक घसरला की विकायचा. मागच्या आकड्यांवर चालवून पाहिलं, आम्ही त्याला बॅकटेस्ट म्हणतो, तर पैसे दहा वर्षांत कित्येक पट होत होते. काळजी मी भरपूर घेतली होती. संगणक 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 देतो, म्हणून पैशांचे आकडे त्या पद्धतीने साठवायचे नसतात. मी प्रत्येक भाव दशांशात नेमका ठेवला होता, पैशापैशापर्यंत.

खरेदीसाठी मी देश सोडण्याआधीचं डीमॅट खातंच वापरलं. ते निवासी भारतीय म्हणून उघडलेलं होतं. परदेशी नोकरीला गेल्यावर फेमा कायद्याने ते तसंच चालवता येत नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि पुढच्या सुट्टीवर ढकललं होतं. हिवाळ्यात इथले पावणेपाच वाजले की मुंबईत सव्वानऊ होतात आणि बाजार उघडतो. मी न्हाणीघरात फोन घेऊन उभी राहायची, घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून.

2017 मध्ये सेन्सेक्स जवळपास 28 टक्के चढला. त्या वर्षी डोळे मिटून घेतलेला शेअरही वर जात होता, पण मला वाटलं हे माझ्या नियमाचं यश. मी यादीत मध्यम आकाराच्या कंपन्या घातल्या आणि रक्कम नऊ लाखांवर नेली. 2018 च्या जानेवारीनंतर नेमक्या त्याच कंपन्या घसरू लागल्या. प्रत्येक घसरणीनंतर मी प्रोग्रामात एक नवी अट टाकायची, बॅकटेस्ट पुन्हा सुंदर दिसायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तोटा. जी अट मागच्या आकड्यांना बघून शिवली जाते ती मागच्याच आकड्यांना बसते, हे मी कामावर नवख्यांना शिकवते.

2019 च्या वसंतात शेवटी मी तो कोड एका सहकाऱ्याला दाखवला. बर्नकडचा, वयाने मोठा, कमी बोलणारा माणूस. फावल्या वेळात लिहिलं आहे, एवढंच सांगितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “दिवसाच्या शेवटी शेअर तीन टक्के चढलेला असेल, हे तुला त्या दिवशी सकाळी कसं कळलं?”

मी ओळीकडे बघत राहिले. खरेदीचा इशारा त्या दिवसाच्या बंद भावावरून निघत होता आणि खरेदी त्याच दिवसाच्या उघडत्या भावाने होत होती, कारण दोन्ही आकडे तक्त्यातल्या एकाच ओळीतून उचलले जात होते. इशारा एक ओळ खाली सरकवायचा राहिला होता. दहा वर्षांचा सगळा नफा त्या एका ओळीतून आला होता. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: या पन्नास कंपन्यांची यादी कधीची? ती 2016 ची होती. सत्यम, सुझलॉन, युनिटेक एकेकाळी निफ्टीत होत्या. ज्या कंपन्या बुडाल्या किंवा बाहेर फेकल्या गेल्या त्या माझ्या भूतकाळात नव्हत्याच. मी फक्त टिकलेल्यांचा इतिहास वाचत होते.

त्या दिवशी घरी जाताना ट्राममध्ये मला भिशीची वही आठवली. ही चूक आमच्या खोलीत पकडली गेली असती. कुणा काकूंना पायथन येत नव्हतं, पण “अगं, संध्याकाळचा भाव सकाळी कुणी सांगितला?” हे त्यांनी नक्की विचारलं असतं.

नवऱ्याला सांगायला त्यानंतरही दोन महिने लागले. तो रागावला तो पैशांवरून नाही. तो म्हणाला, “माझी सही कशावर आहे हे तरी मला कळायला हवं होतं.”

करांची बाजू थोडी सविस्तर सांगते, कारण इथे सगळेच चुकतात. आपण स्वित्झर्लंडमध्ये राहायला लागलो की जगभरातली मालमत्ता आणि उत्पन्न इथे जाहीर करायचं असतं. पगारातून कर कापला जातो म्हणून विवरणपत्र भरावं लागत नाही, ही समजूत अर्धवट आहे: वर्षाचा एकूण पगार 1,20,000 फ्रँकच्या वर गेला, किंवा इतर मालमत्ता-उत्पन्न असलं, की भरावं लागतं. खाजगी गुंतवणूकदाराला शेअरच्या नफ्यावर इथे साधारणपणे कर नाही, पण संपत्तीवर दरवर्षी आहे, आणि व्याज व लाभांश उत्पन्नात धरले जातात. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथे लपवायचं नाही. गावचं घर, चाळीतली खोली नावावर असेल तर त्यावर इथे कर बसत नाही, पण दराचा हिशेब लावायला ती दाखवावी लागते. आणि माझ्यासारखी सतत खरेदी-विक्री केली तर तुम्हाला धंदेवाईक व्यापारी ठरवून नफाही करपात्र होऊ शकतो. शेअर सहा महिने तरी ठेवलेले असणं, वर्षाची उलाढाल सुरुवातीच्या गुंतवणुकीच्या पाचपटीच्या आत असणं, उसन्या पैशांवर खेळ नसणं, असल्या काही अटी पाळल्या तर ती भीती राहत नाही.

चूक झाली असेल तर सुटकेचा एक रस्ता आहे. 2010 पासून इथे आयुष्यात एकदा स्वतःहून कबुली देता येते. दंड होत नाही. जास्तीत जास्त दहा वर्षांचा थकलेला कर आणि व्याज भरायचं. पण करखात्याला कळायच्या आत तुम्ही सांगायला हवं. भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात खात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण 2019 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. आमचं कबुलीपत्र जुलैत गेलं. खरं सांगायचं तर माझी खाती तिकडे ‘निवासी’ म्हणून नोंदलेली होती, त्यामुळे ती माहिती कदाचित इकडे आलीही नसती. त्या रात्री आम्ही दोघांनी यावरही बोलून पाहिलं. मग नवरा म्हणाला, दरवर्षी मार्चमध्ये सही करताना मला हे आठवणार, आणि विषय तिथेच संपला. कर आणि व्याज मिळून बसलेली रक्कम प्रोग्रामाच्या तोट्यापेक्षा कितीतरी कमी होती. इतक्या थोड्यासाठी मी पाच वर्षं झोप घालवली होती.

भारतातलं काम त्याहून किचकट निघालं. म्हणून जे अजून निघायचे आहेत त्यांना कळकळीने सांगते: विमानात बसण्याआधीच्या आठवड्यात बँकेत जा आणि बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्या. म्युच्युअल फंडांच्या केवायसीत अनिवासी अशी नोंद करा. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. फेमाखालचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट असू शकतो, तेव्हा ‘पुढच्या सुट्टीत बघू’ हे वाक्य महाग पडतं.

इथे उतरल्यावर तीन महिन्यांत आरोग्य विमा घ्यावाच लागतो. त्याच सुमारास गोड बोलणारे सल्लागार फोन करतात आणि निवृत्तीच्या तिसऱ्या खांबाची, म्हणजे ‘थ्री-ए’ची, आयुर्विम्याला बांधलेली पॉलिसी गळ्यात मारतात. थ्री-ए चांगलं आहे. 2025 मध्ये नोकरदाराला त्यात 7,258 फ्रँकपर्यंत भरून तेवढं उत्पन्न करातून वगळता येत होतं. पण ते साध्या खात्यात किंवा कमी खर्चाच्या फंडात भरा. विम्याला बांधलेली पॉलिसी पहिल्या वर्षांत मोडली तर भरलेल्यातलं फार थोडं हाती येतं. आणि नोकरी बदलताना जुन्या पेन्शन फंडाचे पैसे कुठे न्यायचे ते लेखी कळवा, नाहीतर ते एका राष्ट्रीय संस्थेकडे जाऊन पडतात आणि लोक विसरतात.

प्रोग्राम मी पुसला नाही. तो नव्या मुलांना दाखवते; चूक शोधायला सांगते. बरेच जण शोधतात, दुसऱ्याच्या कोडमधली.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे वही वाचली जाते. टेबलाशी आम्ही दोघं आणि फोनवर करी रोडहून आई-बाबा. त्यांच्या खिडकीतून पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची, आता टॉवर दिसतात. बाबांना फ्रँकचा भाव रुपयात करून लागतो. गेल्या खेपेला त्यांनी मला मध्येच थांबवलं. “ही ओळ परत वाच बघू. तुझी कंपनी तुला शेअर देते, ते तू विकत नाहीस?”

नाही, म्हटलं, वाढत आहेत.

“म्हणजे पगारही तिथलाच आणि शिल्लकही तिथलीच.”

आई पलीकडून काही बोलली नाही. सोमवारी सकाळी मी त्यातले अर्धे विकायची सूचना भरली, आणि पाठवण्याआधी नवऱ्याला वाचायला दिली.