प्रोसेसर आणि मदरबोर्ड जुळतील का?

प्रश्न : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, मित्राकडची डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड असा गेमिंग पीसी जोडायचा आहे. गावात वीज सारखी ये-जा करते. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, टेंभुर्णी (जि. जालना)

उत्तर : पैसे देण्याआधी विचारलंत, हे बरं झालं. ही जोडी जमणार नाही. ७६०० ला एएम५ सॉकेट लागतं, बी५५० चं सॉकेट एएम४ आहे. प्रोसेसर त्यात बसणारच नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती रॅमही बसणार नाही.

दोन मार्ग आहेत. रॅम वापरायचीच असेल, तर बी५५० वर रायझन ५ ५६०० घ्या, खर्च वाचेल. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर ७६०० सोबत बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ च्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या.

आरटीएक्स ४०६० ला सुमारे ११५ वॅट लागतात. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेल. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा मात्र नको. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, तेही पाहा. मराठवाड्यातला उन्हाळा लक्षात घेऊन जाळीदार पुढच्या बाजूचं, किमान दोन पंख्यांचं कॅबिनेट निवडा.

यूपीएस १ केव्हीएचा घ्या. तो गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता असतो, तासभर खेळण्यासाठी नाही. खोलीतलं अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या.