मागच्या खुर्चीवरचा अहमत : एका बालकादंबरीचा अभ्यास

इतिहासाच्या तासाला आम्ही ‘निर्वासित’ हा शब्द शिकवतो, तेव्हा वहीत व्याख्या उतरते. माणूस उतरत नाही. ओंजली रौफ यांच्या ‘द बॉय ॲट द बॅक ऑफ द क्लास’ या २०१८ च्या सचित्र इंग्रजी बालकादंबरीने ही उणीव आमच्यापुरती भरून काढली. यंदा आठवीच्या वर्गाला ती आम्ही मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली.

लंडनच्या एका वर्गातील शेवटची रिकामी खुर्ची नऊ वर्षांच्या अहमतला मिळते. सीरियातील युद्धातून तो निसटला आहे. त्याची भाषा कुर्दी. चार वर्गमित्र त्याच्याशी मैत्री करू पाहतात. निवेदक मूल त्याच्यासाठी डाळिंब शोधून आणते, हे ऐकताच सांगोल्याकडच्या मुलांच्या माना वर झाल्या. शेवटच्या खुर्चीवरून आम्हांस गोणपाटावर वेगळे बसणारे बाल भीमराव आठवले. तुलना मात्र जपूनच करावी. अहमतला तेथे रूढीने बसवलेले नाही. जागा तेवढीच रिकामी होती.

त्याच्या आईवडिलांचा ठावठिकाणा लागत नाही, म्हणून ही मुले थेट राणीला साकडे घालायचे ठरवतात. येथे आम्ही पुस्तक मिटून कायदा सांगितला. जिवाला धोका असेल तेथे निर्वासिताला परत धाडू नये, असे १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो; पण त्याला आणायला नाव पाठवण्याचे बंधन तो कोणावर घालत नाही. कादंबरी निघाली त्या काळच्या ब्रिटिश नियमांनुसार प्रौढ निर्वासित आपल्या अल्पवयीन मुलांना बोलावू शके. एकट्या आलेल्या मुलाला आईवडिलांना बोलावण्याचा तसा हक्क नव्हता. वर्ग बराच वेळ गप्प होता.

राणीच्या कृपेवर भिस्त ठेवणे आम्हांस खटकले. हक्क मागावा, दया नव्हे, असे आम्ही म्हणालो. त्यावर एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, त्यांना दुसरे दार ठाऊकच नव्हते ना!” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात, सत्र अर्धे उलटल्यावर, एका ऊसतोड कामगाराचा मुलगा वसतिगृहात दाखल झाला. पहिल्याच पंगतीत मुलांनी त्याला गाव, जिल्हा, भावंडे, सारे विचारून घेतले. तो मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एकाने आपले ताट उचलून त्याच्या शेजारी मांडले, आणि काही विचारले नाही.