‘मिलिटरी ग्रेड’ कव्हर वर्ध्याच्या उन्हात

प्रश्न : नव्या स्मार्टफोनला ‘मिलिटरी ग्रेड’ जाड कव्हर घ्यावे का? – एक कापूस उत्पादक, हिंगणघाट

उत्तर : घ्यावे, पण त्या शिक्क्यावर विसंबून नव्हे. तो लष्कर देत नाही. बहुतेकदा कंपनीच लावते. ती सहसा दाखला देते त्या अमेरिकी लष्कराच्या ‘८१०’ मानकानुसारच्या चाचणीत वस्तू सुमारे १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडतात, तेही बऱ्याचदा काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर. शेताच्या बांधावरचा दगड त्याहून कितीतरी कठोर!

दुकानात कव्हरचे कोपरे दाबून पाहावेत. ते मऊ हवेत, कड स्क्रीनपेक्षा वर हवी.

खरी काळजी उन्हाची. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. ॲपल मात्र आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरायला सांगते. जाड कव्हर उष्णता कोंडते, म्हणून चार्जिंगला लावल्यावर फोन गरम झाल्यास ते काढावे. कव्हरच्या आत शिरलेल्या धुळीने फोनच्या पाठीवर ओरखडे पडतात. अधूनमधून फोन आणि कव्हर दोन्ही पुसावे.