समाजशास्त्रे आणि रोजगाराची हमी

‘कला शाखेला जाऊन काय उपयोग?’ हा प्रश्न आपणांपैकी अनेकांनी ऐकला असेल. त्याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात सापडते.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २२५० उष्मांकांचा आहार मिळण्यास किती खर्च येतो, हे त्यांनी नमुना पाहणीवरून काढले. १९६०-६१ च्या किमतींप्रमाणे खेड्यात दरमहा माणशी सुमारे १५ रुपये लागत. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के लोकांना तेवढेही जमत नव्हते. जमीन सर्वांना पुरणार नाही. म्हणून सार्वजनिक कामांवर मजुरी द्यावी, असे त्यांनी सुचविले.

रोजगार हमी केवळ या अभ्यासातून जन्मली नाही. तिच्यामागे वि. स. पागे यांचा ध्यास व १९७२ चा दुष्काळ होता. मात्र १९७७ चा कायदा होताना दारिद्र्य मोजलेले होते, ही गोष्ट लहान नव्हे.

माझ्या आजीने अशाच कामावर खडी फोडली. पाहणीतील आकड्यांमागे तिच्यासारखी माणसे असतात. म्हणून आकडे गोळा करताना आपण प्रामाणिक असले पाहिजे.